चौकातला फळा: रोज पंचवीस शब्दांची गंमत कशी लिहावी

फळ्यापुढे माणूस किती वेळ थांबतो, त्यावर बाकी सगळे ठरते. पोराला शाळेत सोडायला निघालेली आई, कारखान्यावर निघालेला कामगार, टपरीवर कटिंग हातात घेऊन उभे असलेले दोघे, यांच्याकडे दहा-बारा सेकंद असतात. तेवढ्यात वाचून व्हावे, ओठावर हसू यावे आणि पुढच्या चौकात दुसऱ्याला तोंडी सांगता यावे, एवढाच मजकूर हवा. गल्लीतले मंडळ, अपार्टमेंट, वाचनालय किंवा शाळेचे फाटक यांपैकी कुठेही असा फळा चालवता येतो. महिनाभर उत्साहाने चालतो आणि मग त्यावर नुसत्या पाणीपुरवठ्याच्या सूचना उरतात, असे का होते तेही पुढे येईलच.

आधी फळा

चार फूट रुंद आणि तीन फूट उंच, हे माप बहुतेक गल्ल्यांना पुरते. प्लायवूडवर ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात द्यावेत. पहिला हात पूर्ण वाळला की बारीक पॉलिश पेपर फिरवून मग दुसरा. नव्या फळ्यावर लगेच लिहू नका. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे टाळले तर पहिल्या दिवशीची अक्षरे भुतासारखी मागे राहतात आणि सहा महिने प्रत्येक मजकुराच्या पाठीमागून डोकावतात.

तोंड उत्तरेकडे असलेले बरे. पूर्वेकडे असेल तर लोक वाचतात नेमक्या त्याच वेळी ऊन थेट फळ्यावर येते आणि पांढरा खडू दिसेनासा होतो. सोलापूरच्या उन्हात हे फेब्रुवारीपासूनच जाणवते. खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा. त्याहून खाली आणली तर शेवटची ओळ पोरांच्या हाताने पुसली जाते, आणि गमतीचा जीव बहुधा त्याच ओळीत असतो. पावसासाठी वर पत्र्याची फूटभर झाप. फुटपाथवर फळा उभा करायचा तर महापालिकेची परवानगी लागते, म्हणून कंपाउंडची भिंत किंवा मंडळाची शेड बरी.

आता अक्षर. वीस फुटांवरून वाचता यायला अक्षराचा मुख्य भाग दोन इंच उंच हवा. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार असतात. त्यांना एकेक इंच धरला की एका ओळीला चार इंच लागतात. छत्तीस इंचांच्या फळ्यात चार इंच शीर्षकाला आणि दोन-दोन इंच वर-खाली मोकळे सोडले, तर सात ओळी बसतात. एका ओळीत चार शब्द, फार तर पाच. म्हणजे हिशेब पंचवीस-अठ्ठावीस शब्दांवर येतो. हाताशी माहिती जास्त आहे म्हणून अक्षर बारीक करणे, ही फळा चालवणाऱ्यांची सर्वांत जुनी चूक. अक्षर बारीक झाले की फळा फक्त लिहिणाऱ्यालाच वाचता येतो.

सणासुदीला ठळक रंग हवा असेल तर एक भाग साखर, तीन भाग पाणी अशा द्रावणात रंगीत खडू पाच मिनिटे बुडवून ओलाच वापरा. वाळल्यावर रंग खुलतो आणि वाऱ्याने झडत नाही. पुसायला मात्र ओले फडके लागते. रोज हा प्रकार करू नये, फळा चिकट होतो आणि मुंग्या रांगेने वाचायला येतात.

सुरुवातीला तीस, मगच उद्घाटन

फळा बंद पडण्याचे पहिले कारण म्हणजे शिल्लक नसणे. रोज सकाळी उठून "आज काय लिहायचं?" असा प्रश्न पडत असेल तर पंधराव्या दिवशी सुविचार सुरू होतात. सुविचार सुरू झाला की लोकांनी मान फिरवली म्हणून समजा. म्हणून आधी वहीत तीस नोंदी तयार करा: वीस कधीही चालणाऱ्या आणि दहा तारखेला बांधलेल्या. शिल्लक पंधराच्या खाली गेली की पुढच्या रविवारी बसून ती परत तीसवर न्या.

माणसे तीन लागतात. एक शोधणारा, एक तपासणारा, एक लिहिणारा. ज्याने शोधले त्याने तपासायचे नाही, हा नियम मोडू नका. स्वतःला सापडलेली गंमत खोटी निघावी असे कुणालाच वाटत नसते. लिहिणाऱ्याचे अक्षर चांगले हवे हे तर झालेच, पण त्याला ऱ्हस्व-दीर्घाची भीतीही हवी. चुकीच्या वेलांटीवर निवृत्त शिक्षक जितका वेळ थांबतात, तितका मजकुरावर थांबत नाहीत.

गंमत कुठे सापडते

लोक थेट जगाकडे धावतात: ऑक्टोपसला तीन हृदये, मध नासत नाही, वगैरे. ते चुकीचे नाही, पण ते सगळ्यांच्या मोबाइलवर आधीच येऊन गेलेले असते. "खरं की काय बे?" असे तोंडातून निघते ते पायाखालच्या गोष्टीने. सोलापूर जिल्हा त्या बाबतीत श्रीमंत आहे.

भुईमूग घ्या. शेंगाचटणीशिवाय इथे जेवण होत नाही, पण पिवळे फूल जमिनीवर येते आणि शेंग जमिनीखाली धरते, हे शहरात वाढलेल्या कितीजणांना ठाऊक असते? फलधारणेनंतर फुलाच्या बुडाशी आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि तिथे शेंग पोसते. वनस्पतीच्या नात्याने शेंगदाणा बदामाचा कुणी लागत नाही, तो हरभऱ्या-तुरीच्या भावकीतला.

किंवा बार्शी लाईट रेल्वे. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे एका टोकाला लातूर, दुसऱ्याला मिरज असा तिचा पसारा झाला. ती उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले, त्याचे नाव 'गार्डियन एंजल'. बार्शीच्या रुळांवरून थेट आकाशात जाणारी ही गोष्ट फळ्यासाठीच जन्माला आली आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, हे शाळकरी पोरांनाही माहीत असते. त्याचा प्रश्न करायचा तर असा करा: "चीन आणि भारत, दोन्ही देशांनी टपाल तिकीट काढलेला सोलापूरचा माणूस कोण?" उत्तर ओळखीचे, वाट नवी. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, हेही सगळ्यांना ठाऊक. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. फळ्यावर हा दुसरा भाग लिहायचा.

सिनेमाचा दिवस ठेवाच. शशिकला सोलापूरच्या, नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, एवढ्यावरच महिना निघतो. त्यात फाळक्यांच्या काळातल्या गमती मिसळा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके हे पुरुष होते, आणि १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. नटनट्यांची लग्ने आणि भांडणे मात्र फळ्यावर आणू नयेत. तो मजकूर दुपारपर्यंत शिळा होतो आणि अर्ध्या वेळा खोटाही निघतो.

विचित्र बातम्यांचा हक्काचा झरा म्हणजे इग नोबेल. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला १९९१ पासून हे पुरस्कार दिले जातात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या दोन डॉक्टरांना २००१ मध्ये तो मिळाला, विषय होता किशोरवयीन मुलांची नाकात बोट घालण्याची सवय. शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर हे लिहा आणि परिणाम बघा. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाईम यांनी चुंबकाच्या जोरावर बेडूक हवेत तरंगवला म्हणून २००० मध्ये इग नोबेल घेतले आणि २०१० मध्ये ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ थरासाठी खरे नोबेल. असे दोन्ही मिळवणारा माणूस सापडला की दोन दिवसांचा मजकूर होतो: पहिल्या दिवशी बेडूक, दुसऱ्या दिवशी पदक.

सोलापूरची आणखी एक सोय म्हणजे भाषा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच रिक्षात ऐकू येतात. आठवड्यातून एकदा 'एक वस्तू, चार भाषा' लिहा. मीठ: कन्नडमध्ये उप्पु, तेलुगूमध्येही उप्पु. पाणी: कन्नडमध्ये नीरु, तेलुगूमध्ये नीळ्ळु. शब्द पुस्तकातून घेण्याआधी पूर्व भागातल्या किंवा बाळीवेशीतल्या एखाद्या आजींना विचारा. इथले बोलणे पुस्तकापेक्षा वेगळे असते, आणि वाचणारे लोक इथलेच असतात.

तपासणी: इथेच फळा तगतो किंवा बुडतो

चुकीची माहिती लिहिली तर कुणी तक्रार करत नाही. टपरीवर एकजण म्हणतो, "सोड ओ, त्या फळ्यावर काय पण लिहितात." त्या वाक्यानंतर खरे लिहिलेलेही वाया जाते.

दोन स्वतंत्र ठिकाणी सापडले की लिहायचे, हा सोपा नियम आहे. अडचण 'स्वतंत्र' या शब्दात आहे. पाच बातमी-संकेतस्थळांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी उचलली असेल तर ते एकच ठिकाण झाले. विकिपीडिया आणि विकिपीडियावरून उतरवलेला लेख हेही एकच. विकिपीडियाचा उपयोग तळटीपांसाठी करा, ती वाट मुळापर्यंत नेते. मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटिअर इंटरनेटवर मोफत वाचता येतात. जुन्या स्थानिक गोष्टींसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी एक दुपार घालवली तर दोन महिन्यांची शिल्लक घेऊन परत येता.

काही शब्द दिसले की तपासणाऱ्याने पेन खाली ठेवावे.

'पहिला' हा त्यांतला सर्वांत धोकेबाज. १९३० साली सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला, हे पक्के आणि अभिमानाचे. त्यापुढे 'देशात पहिल्यांदा' हे शब्द जोडताना मात्र थांबा. जबलपूरच्या टाऊन हॉलवर १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात झेंडा लागला होता. झेंडा कोणता, ठराव कुणाचा, इमारत कुणाची, यावर वाद घालता येतो, पण तो वाद पंचवीस शब्दांत बसत नाही. 'पहिला' गाळून वाक्य तितकेच भारी राहत असेल तर गाळावे.

'सर्वाधिक'चेही तेच. गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले, हे खरे. 'एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा, देशात विक्रम' असे त्यापुढे लिहिलेले फिरते, ते खोटे. केरळात के. एम. मणी हे पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर महाराष्ट्र असे स्पष्ट लिहा.

'मूळचा' हा शब्द जन्म, गाव, शिक्षण आणि सासर सगळे एकत्र कालवतो. अतुल कुलकर्णी सोलापुरात शिकले, जन्म बेळगावचा. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, वाढले इंदूरला. दोघांवरही आपला हक्क आहे, फक्त क्रियापद बरोबर वापरा.

गावाच्या नावाची गोष्ट तर प्रत्येक फळ्यावर येतेच: सोळा गावे मिळून सोलापूर. ऐकायला छान आहे. जुन्या शिलालेखांत आणि सिद्धरामेश्वरांशी संबंधित कन्नड साहित्यात मात्र हे गाव सोन्नलगे, सोन्नलिगे अशा नावांनी येते. तेव्हा सोळा गावांची कथा लिहायचीच असेल तर 'असे सांगतात' हे दोन शब्द जोडा, आणि दुसऱ्या दिवशी सोन्नलगे लिहा. सोळा गावांपेक्षा त्यावर जास्त गप्पा रंगतात.

मोजता येण्यासारखे असेल तर मोजा. करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराबाबत ९६ या आकड्याचे महत्त्व सांगतात: खांब ९६, विहिरीच्या पायऱ्या ९६. करमाळा काही चंद्रावर नाही. एसटीने जा, मोजा, फोटो काढा, मग लिहा. 'आम्ही मोजले' या दोन शब्दांना फळ्यावर फार वजन येते.

सिनेमाच्या सालाचा घोळ वेगळाच. 'फँड्री' २०१३ चा की २०१४ चा? लंडनच्या महोत्सवात तो २०१३ मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला, पण रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत मिळालेला विशेष उल्लेख २०१५ च्या चित्रपटांसाठीचा होता, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राचे वर्ष धरतात. म्हणून नुसते साल लिहू नका. 'प्रदर्शित' असे लिहा किंवा 'पुरस्कार वर्ष' असे लिहा.

आकड्यांचे भाषांतर हा आणखी एक खड्डा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. घाईत बिलियनचे कोटी होतात आणि एखाद्या सिनेमाची कमाई शंभर पटींनी घसरते. डॉलरचे रुपये करायचे तर त्या वर्षीच्या भावाने करा, नाहीतर डॉलरच ठेवा. लोकांना डॉलर कळतात.

फोटोसकट आलेली विचित्र बातमी असेल तर तो फोटो गुगल लेन्समध्ये टाका. निम्म्या वेळा तो पाच वर्षांपूर्वीचा आणि तिसऱ्याच देशातला निघतो. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला आहे. एवढा फिरलेला मजकूर खरा असला तरी ताजा नसतो. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवले, चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हॉकी हा अधिकृत राष्ट्रीय खेळ आहे, ही तीन खोटी रत्ने दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फळ्यावर उगवतात. हॉकीबाबत तर २०१२ मध्ये क्रीडा मंत्रालयानेच माहिती अधिकारात सांगितले की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. अशा खोट्या गोष्टींचे करायचे काय? त्यांचाच एक वार ठेवा, नाव द्या 'खरं की थाप'. सकाळी विधान लिहायचे, संध्याकाळी उत्तर. हा वार सर्वांत लोकप्रिय होतो.

शेवटी मराठीतला खास घोटाळा: हयात माणसाचा वाढदिवस, दिवंगत माणसाची जयंती. घाईत हयात नटाची 'जयंती' लिहिली गेली की फळ्याची गंमत होत नाही, फळा चालवणाऱ्यांची होते. तारखेची नोंद लिहिण्याआधी माणूस हयात आहे का, हे त्याच सकाळी पाहा. आदल्या रात्री नाही.

पंचवीस शब्दांची बांधणी

आश्चर्य शेवटच्या शब्दात यायला हवे. हे वाचा:

"एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी पॅराशूट बनवले. त्यांनीच बार्शी लाईट रेल्वेचीही उभारणी केली होती."

बातमी पहिल्या वाक्यातच सांडली, आणि सुरुवातही अनोळखी नावाने झाली. आता हे:

"बार्शीची छोटी गाडी आठवते? ती लाईन टाकणाऱ्या साहेबाने पुढे एक वस्तू बनवली. ती घेऊन गाडीतून नाही, विमानातून उडी मारायची. ओळखा!"

ओळखीची वस्तू आधी, अनोळखी नंतर. परके नाव शक्यतो उत्तरात किंवा गाळूनच. एका फळ्यावर एकच आकडा. दोन आकडे लिहिले की लोक दुसरा विसरतात आणि पहिला चुकीचा सांगतात. 'आश्चर्य वाटेल पण', 'तुम्हाला माहीत आहे का' ही सुरुवात तीन-चार शब्द खाते. शीर्षकाच्या पट्टीवर कायमचे 'माहीत आहे का?' रंगवून ठेवा आणि मजकुरातून हद्दपार करा.

लिहून झाल्यावर मोठ्याने एकदा वाचा, आणि मग फळा न बघता दुसऱ्याला सांगा. सांगताना जो शब्द आपोआप गळतो तो फळ्यावरही नको होता.

तारखेला बांधलेल्या गमती

दिनविशेष म्हणजे जन्म-मृत्यूंची यादी नव्हे. एक तारीख, एक गोष्ट. २९ फेब्रुवारीला मोरारजी देसाई घ्या: जन्म २९ फेब्रुवारी १८९६. चार वर्षांनी वाढदिवस यावा तर १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पहिला खरा वाढदिवस आठव्या वर्षी! दुर्दैवाने ही नोंद चार वर्षांतून एकदाच वापरता येते.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, सगळे शहर रस्त्यावर. फळ्याला वाचक एरवीपेक्षा कितीतरी जास्त. त्या आठवड्यात संक्रांतीची तारीख का सरकते ते लिहा. संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते आणि आपल्या कॅलेंडरच्या हिशेबाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. हे दोन वाक्यांत बसते आणि तिळगूळ वाटता वाटता घरोघर पोचते.

१२ जानेवारीला मात्र गंमत नको. १९३१ मध्ये याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्या दिवशी फळ्यावर चार नावे, तारीख आणि मोकळी जागा. विवेकानंदांची नोंद १३ ला किंवा १४ ला चालते.

मे महिन्यात सगळे उन्हाने वैतागलेले असतात, तेव्हा उन्हाचीच गंमत करा. सोलापूरच्या अक्षांशावर साधारण १० मेच्या आसपास, एखादा दिवस इकडे-तिकडे, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. वेळ दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटे. बरोबर बारा नव्हे, कारण आपले घड्याळ सोलापूरच्या पूर्वेला असलेल्या रेखांशावर चालते. आदल्या दिवशी फळ्यावर लिहा: "उद्या दुपारी १२:२० ला या फळ्यापुढे या. तुमची सावली हरवणार आहे." सपाट जागी स्टीलचा पेला उपडा ठेवा. कडेची सावली बारीक होत होत जाते आणि क्षणभर दिसेनाशी होते. पोरे जमतात, मोठेही जमतात, फक्त प्रत्येकाच्या डोक्याला टोपी हवी आणि थेट सूर्याकडे बघू द्यायचे नाही. ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ही संधी परत येते, पण तेव्हा ढग आडवे येतात.

काय लिहू नये

गल्लीतल्या माणसाचे नाव, त्याची फजिती, कुणाचा अपघात, कुणाच्या घरातली भानगड: बातमी कितीही विचित्र असली तरी नको. हसू दुसऱ्या गावातल्या गरीब माणसाच्या जिवावर येत असेल तरीही नको. हयात पुढाऱ्यांना निवडणुकीच्या आसपास दोन महिने सुट्टी द्या. जात आणि धर्म यांवरचे 'रंजक' काहीही वर्षभर बंद. उपचारांचे नुस्खेही नकोत. 'माहीत आहे का?'खाली लिहिलेला काढा लोक खरोखर पितात.

मोबाइलवरचा फळा

ग्रुपवर तोच मजकूर सकाळी साडेसातला टाका, शुभ सकाळच्या फुलांच्या गर्दीत नऊ वाजता नाही. फळ्याचाच फोटो टाकण्याचा मोह होतो, पण मजकूर टाइप करून टाकलेला बरा, तो पुढे पाठवता येतो आणि नंतर शोधताही येतो. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन. प्रश्न असेल तर व्हॉट्सॲपचे मतदान लावा, पर्याय चारच. चौथा पर्याय विनोदी ठेवण्याची पद्धत आहे. पहिले चार दिवस ती चालते, मग सगळे मुद्दाम तोच निवडतात. उत्तर संध्याकाळी सातला, दिवेलागणीनंतर. त्याआधी फोडले तर दिवसभराची चर्चा मरते. उशिरा दिले तर लोक तोपर्यंत गुगल करून मोकळे झालेले असतात.

महिन्यातून एक रविवार: चौकात प्रश्नमंजुषा

महिनाभराच्या फळ्यांवर एक सामना घेता येतो. वेळ पाऊण तास, प्रश्न वीस, संघात चार-पाच जण, वयाची भेळ सक्तीची: प्रत्येक संघात एक शाळकरी आणि एक साठीपुढचे. दहातले तीन प्रश्न सगळ्यांना यावेत, पाच निम्म्या संघांना, दोन एखाद्यालाच. सगळेच अवघड ठेवले की तिसऱ्या प्रश्नाला मागची रांग उठून चहाला जाते.

प्रश्न दोनदा वाचायचा, पंचेचाळीस सेकंद द्यायचे, उत्तर कागदावर. ओरडून उत्तर द्यायची पद्धत ठेवली तर मोठा आवाज जिंकतो. पाच प्रश्नांनंतर कागद शेजारच्या संघाला तपासायला द्यायचा. वाद झाला तर वहीतला आधार दाखवायचा, आणि आधार दाखवता आला नाही तर तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द. हा नियम सामन्याआधी मोठ्याने जाहीर करा, वाद निम्मे होतात.

बरोबरी झाली तर अंदाजाचा प्रश्न: बार्शी लाईट रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर किती मिलिमीटर? उत्तर ७६२, जवळचा जिंकतो. किंवा बरणीत आधीच मोजून ठेवलेले शेंगदाणे. बक्षीस शेंगाचटणीची पुडी किंवा सोलापुरी टॉवेल. रोख रक्कम ठेवू नका. शंभर रुपयांसाठी लोक भांडतात, चटणीसाठी हसतात.

चूक झालीच तर

होणारच. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत 'काल चुकलो' लिहा आणि बरोबर काय ते लिहा. चूक दाखवणाऱ्याला विचारून त्याचे आडनाव खाली घाला. असे केल्यावर एक नवीनच अडचण उभी राहते, तयारीत असा: चुका शोधणारे रोज सकाळी सातलाच फळ्यापुढे उभे राहतात, आणि लिहिणाऱ्याला पहिला खडू त्यांच्या देखतच उचलावा लागतो.

वहीत रोज चार रकाने भरा: तारीख, मजकूर, आधार कुठला, लोक काय म्हणाले. चौथा रकाना कंटाळ्याने सोडला जातो, पण पुढच्या वर्षी त्याच तारखेला काय लिहायचे नाही, ते त्यातूनच कळते.